चोर सोडून पट्ट्याला फाशी

‘पट्टा ओरडायलाय ना? मग बदलून टाका. पाच-सातशे रुपयांचं काम, त्यात डोकं काय चालवायचं!’

हे वाक्य मी चहाच्या टपरीवर ऐकलं आहे, लग्नाच्या मांडवात ऐकलं आहे, आणि एकदा तर दहाव्याला नदीवर बसलो असताना ऐकलं आहे. म्हणणारी माणसं अडाणी नाहीत. कोणाच्या दारात दोन ट्रॅक्टर, कोणाची काळीपिवळी औंढा-परभणी रस्त्यावर वीस वर्षं पळालेली. त्यामुळे जवळा बाजारच्या पंचक्रोशीत या वाक्याला शास्त्रवचनाचा मान आहे. मला ते चुकीचं वाटतं, महागडं वाटतं आणि काही गाड्यांच्या बाबतीत धोक्याचंही वाटतं.

आधी बोलतोय कोणत्या पट्ट्याबद्दल ते ठरवू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. इंजिनाला दोन पट्टे असू शकतात. एक आत, झाकणाखाली: टायमिंग बेल्ट. क्रँक आणि कॅमशाफ्टची सांगड तो राखतो. कित्येक गाड्यांत त्याच्या जागी साखळी असते. तो जातो तेव्हा बहुधा न सांगता जातो, आणि बऱ्याच इंजिनांत जाताना व्हॉल्व्ह वाकवून जातो. माझा वाद त्याच्याशी नाही. दुसरा बाहेरचा. क्रँकच्या पुलीवरून निघून तो अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, पुष्कळ गाड्यांत वॉटर पंप आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगचा पंपही. आपल्याकडे त्याचं नाव फॅन बेल्ट. अँबॅसडर आणि जीपच्या काळात तो खरोखरच पंखा फिरवायचा. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचा पंखा विजेवर चालायचा. पट्ट्याचं नाव मात्र फॅन बेल्टच राहिलं. अल्टरनेटरला आम्ही अजून डायनामो म्हणतो. नावं जुनी राहिली म्हणून कुणाचं बिघडत नाही. नावाबरोबर औषधंही जुनीच राहिली, तिथे बिघडतं.

माझ्याच गाडीचं सांगतो. मी निवृत्त शाळामास्तर. डिझेल गाडी, सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. फिरणं म्हणजे परभणी नाहीतर नांदेड, आणि कारण म्हणजे दवाखाना नाहीतर सोयरीक. एका उन्हाळ्यात सकाळी गाडी चालू केली की पुढून आवाज यायला लागला: चिर्र, चिर्र, चिर्र. वळचणीला चिमणीची पिल्लं असावीत तसा. गॅरेजच्या पोराने बॉनेट उचललं, दोन सेकंद ऐकलं आणि निकाल दिला, ‘सर, पट्टा गेला.’ नवा टाकला. आवाज बंद. मी खूश, पोरगा खूश. सात आठवड्यांनी पिल्लं परत आली. मग दुसरा पट्टा, या वेळी ‘ओरिजिनल’. पुन्हा खुशी आणि पुन्हा पिल्लं. दीड वर्षात तीन पट्टे झाले. तिसऱ्या वेळी ‘मालच पहिल्यासारखा राहिला नाही’ असा ठराव आम्ही दोघांनी मिळून एकमताने मंजूर केला.

नवा पट्टा टाकल्यावर आवाज थांबला, म्हणजे दोष पट्ट्याचाच होता, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. शाळेत मी अशा उत्तराला अर्धा गुण दिला असता. कोऱ्या पट्ट्याचं रबर लवचीक असतं, त्याच्या कडा भरीव असतात, म्हणून पुली थोडी तिरपी असली तरी काही आठवडे तो निमूट सोसतो. कडा घासून चकचकीत झाल्या की तो बोलायला लागतो. ताप आलेल्याला गोळी दिली आणि ताप उतरला, म्हणून विहिरीतलं पाणी शुद्ध झालं का?

चौथ्या वेळी मी पट्टा बदलू दिला नाही. घरातून इस्त्रीचं पाणी मारायची बाटली आणली. गाडी उभ्या जागी चालू ठेवून पट्ट्याच्या धारांच्या बाजूवर साधं पाणी फवारलं. आवाज एकदम दबला, आणि पाणी उडून गेल्यावर पुन्हा जसाच्या तसा सुरू झाला. ही चाचणी पट्टे बनवणाऱ्यांचीच आहे आणि तिचा अर्थ सरळ आहे. पाण्याने आवाज थोडा वेळ गेला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज उलट वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी पडतोय. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर पट्टा सोडा आणि बेअरिंगांकडे वळा. कानालाही फरक कळतो. तुटक, ठेक्यातली चिरचिर बहुधा तिरपेपणाची असते. लांबलचक किंकाळी, विशेषतः एसी लावल्यावर किंवा एकदम रेस दिल्यावर येणारी, बहुधा घसरण्याची. सततची घरघर किंवा गुरगुर बेअरिंगची. (फवारताना खांद्यावरचं उपरणं काढून ठेवा, बाह्या वर सारा आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. ही सूचना मी गमतीने देत नाही.)

मग इंजिन बंद करून शाळेतली एक फुटी स्टीलची पट्टी पुल्यांच्या तोंडावर आडवी धरली. डायनामोची पुली आत गेलेली होती, अडीच मिलिमीटर असेल. शेजारच्या पुलीपर्यंतचं अंतर दीडशे मिलिमीटर. त्रिकोणमिती शिकवलेल्या माणसाला हे गणित तोंडी येतं: जवळपास एक अंशाचा तिरपेपणा. ऐकायला किरकोळ, पण पट्ट्याला ओरडायला एवढा पुरतो. तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी डायनामो उतरवून ब्रश बदलायला दिला होता. परत बसवताना ब्रॅकेटमागचा एक वॉशर कुठेतरी राहून गेला होता. वॉशर टाकला आणि पिल्लं उडून गेली.

वॉशर चोर होता, आणि आम्ही दीड वर्षात तीन संन्याशांना फाशी दिली होती.

आता कोणी म्हणेल, एका मास्तराच्या गाडीवरून सिद्धांत कशाला मांडता? रास्त आहे. तर सिद्धांतच पाहू.

आमच्या भागातल्या माणसाची पट्ट्याशी ओळख मोटारीतून झालेली नाही, ती पिठाच्या गिरणीतून झाली. गावोगावच्या गिरण्या ऑइल इंजिनावर चालायच्या आणि इंजिनापासून जात्यापर्यंत सपाट, रुंद पट्टा असायचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली; त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी पट्टा म्हणजे तो सपाट पट्टाच पाहिला. मळणी यंत्रालाही तोच. तो घसरायला लागला की गिरणीवाला राळ लावायचा आणि पट्टा धरायचा. तिथे ते बरोबरही होतं, कारण सपाट पट्ट्याची सगळी मदार चाकाला चिकटून राहण्यावर असते.

मोटारीचा आजचा पट्टा वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो उलटा करून पाहा, आतल्या बाजूला उसाच्या रानासारखे सरी-वरंबे दिसतील. पट्ट्याचे वरंबे पुलीच्या सऱ्यांत पाचरीसारखे बसतात, आणि ताण वाढला की पाचर आणखी आवळते. अशा पाचरीचा रबरी पट्टा १९१७चा. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्सने रबराचा व्ही आकाराचा पट्टा केला. पुढे एका रुंद पट्ट्यावर अशा बारीक पाचरी शेजारी शेजारी बसवून सगळी यंत्रं एकाच पट्ट्यावर फिरवायची युक्ती निघाली आणि १९७९च्या फोर्ड मस्टँगपासून मोटारींत रुळली. फरक किती पडतो? गणित अठराव्या शतकातल्या ऑयलरचं आहे. पट्टा पुलीला अर्धा वेढा घालतो आणि घर्षणांक ०.३ आहे असं धरा. सपाट पट्ट्याच्या घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या अडीचपटीपर्यंत गेला की तो घसरतो. चाळीस अंशाच्या पाचरीचा पट्टा पंधरापटीपर्यंत तग धरतो. रबर तेच, घर्षण तेच. जोर पाचरीचा आहे.

म्हणून ज्याला राळ लागत होती त्याचं औषध याला लागत नाही, लावलं तर बाधतं. गॅरेजच्या फळीवर ठेवलेला तो ‘बेल्ट स्प्रे’, कुणी लावतो ती साबणाची वडी, कुणी टाकतो ती पावडर, हे सगळे पी हळद अन् हो गोरी या जातीचे उपाय. आणि हे हळदीच्या मुलखात! वसमत-औंढ्याच्या शेतकऱ्याला कोणी सांगावं का, की बेणं लावल्यापासून हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरेपर्यंत वर्ष जातं? तोच माणूस गाडीच्या पट्ट्यावर फवारा मारतो आणि पाच मिनिटांत गुण मागतो. गुण येतोही. चिकट थर बसतो, आवाज थांबतो. मग त्या चिकट्यावर आमच्या रस्त्याची धूळ बसते, वरंब्यांच्या मधल्या सऱ्या भरतात, पाचर पुलीत खोल बसेनाशी होते आणि पट्टा पहिल्यापेक्षा जास्त घसरतो. ज्या रोगावर औषध होतं तोच रोग औषधाने आणला.

दुसरा गड आणखी मजबूत आहे: ‘भेगा दिसत नाहीत, म्हणजे पट्टा चांगला.’ हा सल्ला एके काळी बरोबर होता. तेव्हाचे पट्टे निओप्रीनचे. ते म्हातारे झाले की चिरायचे. एका वरंब्यावर तीन इंचांत तीन-चार चिरा दिसल्या की त्याचं आयुष्य सरलं असं धरायचे. पण गेल्या दोन-तीन दशकांत पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे झाले. हे रबर उष्णता सोसतं आणि सहसा चिरत नाही, टायरसारखं झिजतं. वरंबे झिजून बारीक झाले की पट्टा पुलीत खाली बसतो, पुलीचे उंचवटे पट्ट्याच्या सऱ्यांच्या तळाला टेकतात. पाचर संपली आणि पट्टा पुन्हा गिरणीचा झाला. वरून पाहाल तर काळाभोर, गुळगुळीत, एक भेग नाही. ‘झकास आहे,’ म्हणत बॉनेट आपटायचं आणि पुढच्या आठवड्यात घाटात बसायचं. हे तपासायला प्लास्टिकची छोटी गेज मिळते. नसेल तर त्याच नंबरचा कोरा पट्टा शेजारी धरा आणि सऱ्यांची खोली डोळ्यांनी ताडून पाहा. म्हणजे ज्यांचा पट्टा बदलायला नको त्यांचा आपण बदलतो आणि ज्यांचा बदलायला हवा त्यांना पाठीवर थाप देऊन पाठवतो.

‘थोडा घट्ट करून द्या’ हा तिसरा उपाय. जुन्या गाड्यांत डायनामोचा बोल्ट ढिला करून टॉमीने तो मागे ओढायची सोय होती, म्हणून ही सवय लागली. जास्त ताणलेला पट्टा गप्प बसतो हे खरं. तो सगळा ताण मग डायनामोच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो. पट्टा वाचवायला निघालो आणि त्याहून महागडा पंप घालवला. नव्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर आपोआप ताण धरतो. तिथे ओढायला काही नसतंच. तिथे पाहायचं ते एवढंच की टेन्शनरचा हात चालू इंजिनात थरथर नाचतोय का, आणि त्याच्यावरची खूण ठरल्या मर्यादेत आहे का. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, पट्टा स्वतःच लवचीक असतो; तो एकदा काढला की पुन्हा वापरायचा नसतो. हे माहीत नसलेला माणूस तोच पट्टा स्क्रू-ड्रायव्हरने ओढून परत चढवतो, आणि वर बढाई मारतो की बघा, तुमचे पैसे वाचवले.

दुकानातली गंमत वेगळीच. पट्ट्याच्या पाठीवर छापलेलं असतं, समजा ६पीके१०००. सहा वरंबे, पीके ही वरंब्याची जात आणि हजार मिलिमीटर लांबी. दुकानदाराकडे तो नसतो. ‘हजार वीस घेऊन जा, बसतो.’ बसतो तर खराच. मग टेन्शनर आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन लोंबतो आणि महिन्याभरात किंकाळी. या किंकाळीचा दोष परत पट्ट्यावरच, तेही ‘डुप्लिकेट’ म्हणून.

ज्यांचा आवाज खरोखर बेअरिंगचा आहे त्यांच्यासाठी रीत तर आणखी सोपी. इंजिन थंड असताना पट्टा उतरवा. (उतरवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. पट्ट्याचा मार्ग चुकला तर काही गाड्यांत वॉटर पंप उलटा फिरतो, आणि मग गाडी तापते का याचं संशोधन वर्षभर चालतं.) मग प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागते का, डुगडुगते का, हे बोटांना कळतं. त्यानंतर पट्ट्याशिवायच इंजिन अर्धा मिनिट चालू करा, जास्त नको, कारण पंप फिरत नसेल. आवाज गेला तर चोर बाहेरच्या यंत्रांत आहे. राहिला तर इंजिनाच्या आत पाहायला हवं. पट्टा निर्दोष सुटला. क्रँकच्या पुलीकडेही एकदा नजर टाका. पुष्कळ गाड्यांत ती दोन तुकड्यांची असते, मधे रबराची कडी. ती सुटली की बाहेरचं चाक वेडंवाकडं फिरतं आणि पट्टा खातं. पट्टा ओला किंवा तेलकट दिसला तर वर पाहा: वॉटर पंपाखाली पांढरट-हिरवट डाग किंवा इंजिनाच्या सीलमधून उतरलेलं ऑइल. गळती तशीच ठेवून पट्टा बदलणं म्हणजे छत गळतंय म्हणून रोज गादी बदलणं.

हे सगळं सांगितल्यावर हमखास येणारा शेवटचा प्रश्न: ‘एवढं करून काय व्हायचंय? तुटला तर तुटला. गाडी उभी राहील, दुसरा टाकू.’ या बेफिकिरीशी मात्र माझं खरं भांडण आहे. पट्टा तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. पुष्कळ ड्रायव्हर त्या दिव्याला ‘बॅटरी डाउन आहे’ एवढंच समजून चालत राहतात. त्याच पट्ट्यावर वॉटर पंप असेल तर पाणी फिरायचं थांबलेलं असतं. मे महिन्यात, सावलीतच पारा बेचाळीसच्या पुढे असताना, काही किलोमीटरांत हेड वाकतं. मग पाच-सातशेचं काम पाच आकडी होतं. याहून वाईट म्हणजे बऱ्याच जुन्या डिझेल जीपगाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम डायनामोच्या पाठीवर बसवलेल्या पंपातून मिळतो. पट्टा गेला की डायनामो थांबतो, डायनामो थांबला की व्हॅक्यूम संपतो. दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेकचं पेडल दगडासारखं. ब्रेक लागतो, पण अंगातली सगळी ताकद लावून. मागे दहा माणसं आणि टपावर पोती असलेल्या गाडीत हा शोध उतारावर लागावा असं कोणाला वाटेल? अशा वेळी गाडी ‘उभी राहील’ हे गृहीतच चुकतं. उभी राहत नाही, हीच तर अडचण.

इथे मला माझ्याच पक्षाच्या काही लोकांचंही तोंड धरावं लागेल. माझं ऐकून ते म्हणतात, ‘सगळे मेकॅनिक चोर, मुद्दाम पार्ट बदलतात.’ हे पटत नाही. गॅरेजचा तो पोरगा मला फसवत नव्हता. पट्टा बदलला की त्याला मजुरी मिळत होती. पंधरा मिनिटं फूटपट्टी धरून ‘पट्टा चांगला आहे, वॉशर टाका’ म्हणाला असता तर काय मिळालं असतं? वॉशरचे दोन रुपये आणि वर आमचा शेरा, ‘नुसतं पाहायचे कसले पैसे?’ डॉक्टरने नाडी पाहून ‘काही नाही, घरी जा’ म्हटलं तर आम्ही फी देतो, आणि देवाचे आभारही मानतो. मेकॅनिकने तेच म्हटलं तर आम्हाला फसल्यासारखं वाटतं. हातात जुना पार्ट आला, काळा, तेलकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, की पैसे वसूल. निदानाला किंमत नाही अशा बाजारात निदान करणारा माणूस तयार कुठून होणार? शहरातल्या मोठ्या वर्कशॉपचा यावरचा उपाय म्हणजे पट्टा, टेन्शनर, आयडलर, सगळं किट एकदम बदला. सव्वा लाख किलोमीटर झालेल्या गाडीत त्यात तथ्य असतंही. पण माझा वॉशर त्या किटमध्ये नव्हता.

चौथ्या वेळी मी त्या पोराला पट्ट्याइतकी मजुरी दिली. तो घेईना. ‘सर, मी तर काहीच टाकलं नाही.’ हेच त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलेलं.

उतरवलेल्या तीन पट्ट्यांपैकी दुसरा, तो ‘ओरिजिनल’, मी घरी आणून ठेवला होता. धुऊन पाहिला. एक कड थोडी घासलेली, बाकी सहाही वरंबे कोऱ्या पट्ट्याच्या तोडीचे. तो आता डिकीत असतो, जादाचा म्हणून.

गेल्या महिन्यात त्याच गॅरेजवर चहा घेत होतो. एक पाहुणे आले, गाडी चिरचिरत होती. पोराने पाण्याची बाटली घेतली, फवारलं, ऐकलं, इंजिन बंद करून पट्टी आडवी धरली, ब्रॅकेटचा एक ढिला बोल्ट आवळला. आवाज बंद. ‘शंभर द्या.’ पाहुणे हसले, ‘अरे, पट्टा तर बदललाच नाहीस तू!’ आणि पन्नासची नोट टेकवून निघून गेले. पोराने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातली पट्टी माझ्या शाळेची होती. मी ती अजून परत मागितलेली नाही.